अव्वल पाइप, दुय्यम पाइप

१

लातूर रोडला आगगाडी सोडून आम्ही सर्व्हिस मोटारीत बसलो तेव्हा ऊन चांगले चढले होते. दसऱ्याला मी नांदेडला माहेरी गेले होते आणि हे मला न्यायला आले होते. साल १३५६ फसली, म्हणजे इंग्रजी १९४६. लढाई संपून वर्ष झाले होते. लातूर जवळ आले की धोंडप्पा शेटजींच्या जीन-प्रेसचे, म्हणजे सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या कारखान्याचे, धुराडे सगळ्यात आधी दिसे, आणि त्या सकाळी तर बॉयलर पेटवून नव्या हंगामाची पहिली वाफ धरायची होती. ह्यांनी मोटारीबाहेर मान काढून पाहिले, मग थोड्या वेळाने पुन्हा पाहिले. धुराड्यातून धूर येत नव्हता.

"पूजेला उशीर झाला असेल," मी म्हणाले.

ह्यांनी तिसऱ्यांदा मान बाहेर काढली. लिहिताना नाव घ्यावेच लागते म्हणून घेते: अमृतराव. ते त्या जिनात स्टोअरकीपर होते. लढाईत सिकंदराबादच्या फौजी गोदामात नोकरी केलेली, त्यामुळे लोखंडाचा तुकडा हातात घेतला की तो कुठल्या देशाचा ते सांगायचे, आणि ऐकणारा कंटाळेपर्यंत सांगायचे. असा माणूस त्या दिवशी लातूर येईपर्यंत धुराड्याकडेच बघत राहिला.

मोटार अड्ड्यावर पोलिसांचे दोन जवान उभे होते. एकाने ह्यांचे नाव विचारले. दुसऱ्याने माझी वळकटी माझ्या हातातून घेऊन खाली ठेवली, अगदी हळू, जणू तीत काच आहे. त्याच्याकडूनच आम्हाला कळले. सकाळी पूजा झाली, नारळ फुटला, बॉयलरवरच्या आगवाल्या हणमंताने वाफेचा कॉक उघडला आणि त्याच्या डोक्यावरचा पाइप उभा चिरला. बाहेर काढले तेव्हा हणमंता मेला होता, ओळखू येत नव्हता.

ह्यांनी डोळे मिटले. "कुठला पाइप? किती नंबरचा सांधा?" असे काहीतरी ते विचारू लागले.

"ते अमीनसाबांना विचारा," जवान म्हणाला. "त्यांचं म्हणणं आहे, हा अपघात न्हाई. खून हाय."

२

अमीन म्हणजे आमच्याकडचा फौजदार. माणूस लाचखाऊ नव्हता आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली, कारण त्याने जे मनात धरले होते ते खरे समजून धरले होते.

ते असे होते. लढाई संपल्यावर अमेरिकन फौजेचा माल लिलावात निघाला. शेटजींचे पुतणे बसवंतअण्णा सिकंदराबादला जाऊन त्यातले पाइप घेऊन आले. पाइपांवर इंग्रजी अक्षरे होती, काहींवर 'ए', काहींवर 'बी'. ह्यांनी माल लावून घेताना ए वेगळे ठेवले, बी वेगळे ठेवले. मला आणायला नांदेडला निघण्याआधी त्यांनी फिटर मलप्पाला सांगितले की वाफेच्या नव्या लाइनीला बी लाव, आणि आगीच्या बंबाच्या पाण्याला ए लाव. सांगून हे निघाले. मलप्पाने तसे लावले. आणि वाफेच्या लाइनीतला बी फुटला.

लातूर हे रुईचे गाव. दाबलेल्या गाठींवर मार्का मारतात त्यात ए म्हणजे अव्वल माल, बी म्हणजे दुय्यम, हे मोळीविक्यालाही ठाऊक. मग अव्वल पाइप साध्या पाण्याला घालून दुय्यम पाइप वाफेला का घातला? हणमंताने कोठीतून कामगारांना मिळणाऱ्या दिवाळीच्या तेलावरून ह्यांच्याशी भर अंगणात भांडण केले होते, तेही दहा जणांनी ऐकले होते. आणि वाफ धरायच्या दिवशी हे गावात नव्हते. अमीनसाहेबांना आणखी काय हवे होते?

मी ठाण्याच्या पायरीशी उभी होते. आतून ह्यांचा आवाज येत होता, तोच तोच, की साहेब, अमेरिकन पाइपात बी हाच मजबूत असतो, ए नव्हे. आत कुणीतरी हसले. मग अमीनसाहेब म्हणाले की दुनियेत सगळीकडे ए आधी येतो आणि बी नंतर, फक्त तुमच्या कोठीत उलटा येतो काय?

सोमवारी ह्यांना उस्मानाबादला नेणार होते आणि तिथून गुलबर्ग्याच्या तुरुंगात. गुलबर्ग्याला गेलेला माणूस परत आलेला मी तरी पाहिला नव्हता.

मी नांदेडला मामांना तार केली.

३

रेणुकादासमामा वकील होते. अंगाने भारी, श्वास लागायचा, आणि जन्मभर कशाला भ्यायले असतील तर वाफेला. लहानपणी इंजिनाने शिट्टी दिली की आजीच्या पदरात शिरत, असे आई सांगे. ते घरी आले, भिंतीला पाठ लावून बसले आणि सुपारी कातरता कातरता म्हणाले, "इंदे, रडायचं असेल तर आत्ताच रडून घे. उद्यापासून मला तुझे कान लागणार आहेत."

पहिल्यांदा आम्ही ठाण्यात गेलो. मामांनी ह्यांना एकच प्रश्न विचारला, की बी मजबूत कशावरून? आणि मग माझे यजमान पूर्वीसारखे बोलू लागले. गजाआडून का होईना, तो आवाज ऐकून मला बरे वाटले. त्यांनी जे सांगितले ते मला आजही पाठ आहे.

पाइपाला सगळ्या देशांत एकच नाव नसते. विलायती पाइपाच्या टोकाशी रंगाचा पट्टा असतो; तपकिरी म्हणजे गॅसचा, सगळ्यात पातळ; निळा पाण्याचा; तांबडा वाफेचा, सगळ्यात जाड. जर्मन पाइपावर आकडा असतो, त्यांचे लोखंड किती ताण सोसते त्याचा. अमेरिकन माणूस अक्षर घालतो. त्याच्या यादीत ए मऊ, वाकवायला सोपा. बी कडक, दाबाला टिकणारा. ती प्रत नव्हेच, ती चढती पायरी आहे. "मामा, आपण गाठींवर घालतो तसं ते नाही," हे म्हणाले. "मी फौजेच्या कोठीत चार वर्षं हेच केलं. म्हणून तर बी वाफेला दिला."

"मग फुटला कसा?" मामांनी विचारले.

कपाळ गजाला टेकून हे म्हणाले, "तेच कळत नाही. खरा बी फुटायलाच नको होता."

बाहेर आल्यावर मामांनी अमीनसाहेबांना विचारले की फुटलेला पाइप कुठे आहे. तो त्याच दिवशी गोणपाटात शिवून, लाख लावून ठाण्याच्या खोलीत ठेवला होता. त्याची चीर कुणी नीट पाहिली का? कुणी नाही. अक्षर वाचले, बी दिसला, शिवून टाकला.

"छान," मामा म्हणाले. पण त्यांचा चेहरा छान दिसत नव्हता. "इंदे, लाइनीतला एकच पाइप फुटला. बाकीची लाइन अजून तशीच आहे. आणि शेटजी परवा पुन्हा वाफ धरणार आहेत."

४

जिनाचे अंगण मी त्याआधी कधी इतके शांत पाहिले नव्हते. वाफेची लाइन भिंतीच्या कडेने जाऊन पुढे लांब शेडवरून प्रेसकडे वळे. त्या शेडखाली हंगामात बायका ओळीने बसून कापसातली कवडी, म्हणजे किडका भाग, निवडत. मामांनी वर पाहिले, आणि शेडमध्ये शिरायचे टाळून बाहेरून वळसा घेतला.

फिटर मलप्पा कोठीपाशी उकिडवा बसला होता. उदगीरकडचा, उंच, खांदे पडलेला. मामांनी त्याच्याजवळच बूड टेकले आणि विचारले की तुला कुणाची भीती वाटते, अमीनची का शेटची?

"दोघांची," मलप्पा म्हणाला. "आन वर त्या लाइनीची."

त्याने सांगितले ते तुकड्यातुकड्यांत. स्टोअरकीपरसाहेबांनी बी लाव म्हटले, त्याला ते उलटे वाटले, पण त्याने लावले. लावताना काही 'बी' पाइप खांद्याला जड लागले, काही हलके. जुन्या मालात आत गंज धरलेला असतो, टोकांना लाकडी गुट्ट्या ठोकलेल्या असतात, त्या सांधा जोडतानाच काढतात, त्यामुळे कड निरखून पाहिली नाही. पण मनात राहिले. साहेब तर नांदेडला गेलेले. वाफ धरायच्या सकाळी त्याने ते बसवंतअण्णांना सांगितले.

"काय सांगितलंस, नीट सांग."

"म्या म्हणलं, अण्णा, लाइनीत बी घातलेत, आन त्यातले काही लई हलके लागून राहिलेत. अण्णा म्हणले, वाफेत 'बी' घातले? कुणी सांगितलं? म्या म्हणलं, साहेबांनी. मग अण्णा म्हणले, अमेरिकेचं लोखंड हलकंच अस्तंय, जा, हार आण."

"हे अमीनला सांगितलंस?"

मलप्पाने नकारार्थी मान हलवली. हलका पाइप हाताने कळूनसुद्धा ज्याने लावला, त्याला आधी धरतील, हे त्याला नीट समजत होते.

मामांनी कोठीत उरलेले पाइप काढायला लावले. मी दारात उभी होते. बी लिहिलेले पाइप दोन तऱ्हेचे निघाले. काहींवर पांढऱ्या रंगात लांबच लांब अक्षरांची ओळ पाइपाच्या अंगाने धावत गेलेली, तिच्यात कुठेतरी बी. काहींवर फक्त एक काळा बी, अगदी टोकाशी, डोक्यावर.

ह्यांनी हा फरक पाहिला होता, हे त्यांनी दुपारी ठाण्यात मामांपुढे कबूल केले. लिलावाच्या मालाची अक्षरे पावसात जातात आणि गोदामवाले पुन्हा घालतात, असे धरून चालले. मामा त्यावर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "अमृतराव, एवढ्यासाठी फाशी जात नाही कुणी. पण जवळ येतं."

५

हणमंताच्या घरी मी एकटीच गेले. त्याची बायको गुणाबाई पुरुषाशी बोलली नसती, आणि माझ्याशी तरी का बोलावी? माझ्या कुंकवाने तिचे पुसले असे सारा गाव म्हणत होता. मी दारात जाऊन उभी राहिले. ती कंधारकडची, काळीसावळी, माझ्याच वयाची. तिने मला घोंगडी टाकून दिली आणि समोर बसून राहिली.

"तुमच्या मालकानं मारला का?" तिने सरळ विचारले.

मी नाही म्हणाले. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, मलापण तसं वाटत न्हाई, तेलावरून तर आमच्या ह्यांचं सगळ्यांशीच भांडण व्हायचं, आन संध्याकाळी तुमच्याच वसरीवर चहा प्यायचे.

ते खरे होते.

त्या सकाळी काय झाले, ते तिने एका सुरात सांगितले. पूजेला ती होती. शेटजी हार घालून बाजेवर बसलेले. गावातले आडते, मास्तर, सगळे पुढे. बसवंतअण्णांना पुढे बसायची, नारळ स्वतः फोडायची हौस. दरसाल तेच फोडत. त्या दिवशी ते कुठे दिसेनात. प्रसाद वाटता वाटता ती फाटकाबाहेर गेली तर अण्णा बाहेर, पार लिंबाखाली उभे. तिने खोबरे दिले तर हातातून खाली पडले. दुसरे दिले, तेही पडले.

"म्या म्हणलं, अण्णाला ताप भरला जणू," गुणाबाई म्हणाली. "आन तेवढ्यात आवाज झाला."

मी उठले तेव्हा तिने माझा पदर धरला. "पुन्हा वाफ धरनार म्हन्तेत. त्या शेडात म्या बसते कवडी निवडायला. घरात बसून खायचं काय? जाऊ का नको?"

मी तिच्या हातातून हळूच पदर सोडवून घेतला.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा ठाण्यात गेले होते आणि बसवंतअण्णा आमच्या घरी आले.

ओसरीवर बसले. पांढरा शुभ्र कोट, कपाळाला भस्माचे पट्टे, बोलणे मऊ. शेटजींना मूल नव्हते, सगळे पुढे ह्या पुतण्याचेच होणार होते. त्यांनी माझी विचारपूस केली, घरात धान्य आहे का ते विचारले. मी आतल्या दाराशी कडीला हात लावून उभी होते. भर दुपारी, शेजारची पोरे अंगणात खेळत असताना मला इतकी भीती का वाटावी, हे मला तेव्हा कळत नव्हते. ते माझ्याकडे बघत नव्हते. बोलताना सारखे छपराकडे बघत होते.

"वहिनी, अमृतरावांना समजवा," ते म्हणाले. "चूक झाली म्हणावं. गफलतीचा गुन्हा लागेल, दोन-तीन वर्षं. शेटजी तुम्हाला काही कमी पडू देणार नाहीत. उगा बी मजबूत असतो म्हणून हट्ट धरला तर अमीन खूनच लावणार. आन वकीलसाहेबांना सांगा, आता ती लाइन उकलत बसू नका. एवढा पातळ पाइप अमृतरावांनी बघायला पायजे होता, नाही बघितला. माणूस आहे. चुकतो."

मी हो म्हणाले, नाही म्हणाले, आठवत नाही. ते गेले. मी दार लावून घेतले आणि मामा येईपर्यंत उघडले नाही.

मामांना मी शब्द न शब्द सांगितला. मला वाटले होते ते धमकीवरून चिडतील. पण त्यांचा अडकित्ता मध्येच थांबला.

"काय म्हणाला? पातळ?"

"पातळ."

"इंदे, गाव काय म्हणतंय? दुय्यम. अमीन काय म्हणतोय? दुय्यम. मलप्पा म्हणाला हलका. पाइपाची चीर कुणी पाहिलेली नाही, ती लाखेखाली आहे. मग हा पाइप पातळ आहे, हे त्याला कुणी सांगितलं?"

७

शेटजींनी दुसऱ्या सकाळची वाफ थांबवली, कारण मामांनी अमीनसाहेबांना गळ घातली की उद्या माझ्या भाचेजावयाला खुशाल न्या, पण आधी रुईची एक गाठ, दोन हमाल आणि एक तास मला द्या. अमीनसाहेब कंटाळून हो म्हणाले आणि शेटजींना तसा निरोप गेला.

अंगणात सगळे जमले. ह्यांना बेड्या घालून आणले होते. शेटजी खुर्चीवर, बसवंतअण्णा त्यांच्या मागे, मलप्पा बाजूला. गुणाबाई डोक्यावरून पदर ओढून भिंतीशी बसली होती. बॉयलर थंड होता.

मामांनी तीन पाइप दोन-दोन दगडांवर आडवे ठेवायला लावले. पहिला ए, बंबाच्या पाण्याच्या लाइनीतून सोडवलेला. दुसरा बी, ज्याच्यावर पांढरी लांब ओळ होती. तिसरा बी, ज्याच्या डोक्यावर काळे अक्षर होते. मग मलप्पाने हमालांकडून एक गाठ पहिल्या पाइपावर ठेवली आणि वर दोन हमाल चढवले. ए वाकला, आणि ओझे उतरवल्यावर वाकलेलाच राहिला. दुसऱ्या पाइपावर तेच ओझे घातले. तो थोडा लवला आणि ओझे उतरल्यावर सरळ झाला.

अमीनसाहेब खुर्चीवरून उठले. त्यांनी वाकून दोन्ही पाइपांवर हात फिरवला.

"म्हणजे बी अव्वल?"

"अमेरिकेच्या हिशेबात," मामा म्हणाले. "आता तिसरा."

तिसऱ्यावर नुसती गाठ ठेवली. माणूस चढायची वेळच आली नाही. तो मधोमध कागदासारखा मोडला. कवडी निवडणाऱ्या बायकांच्या घोळक्यातून एक आवाज आला, कण्हल्यासारखा.

मामांनी चाकू काढून मोडलेल्या पाइपाच्या टोकाचे काळे अक्षर खरवडले. खाली तपकिरी पट्टा निघाला. हा अमेरिकन नाही, त्यांनी सांगितले. हा विलायती, गॅसबत्तीचा, जुन्या भंगारातला. मग त्यांनी लाख फोडवून फुटलेला पाइप बाहेर काढवला. त्याच्या काळ्या बीच्या खालीसुद्धा तपकिरी रंग होता, आणि चिरीची कड पत्र्याएवढी पातळ.

"तर साहेब, ह्या गॅसच्या पाइपांवर कुणीतरी बी लिहिला," मामा म्हणाले. त्यांना धाप लागली होती, ते थांबून थांबून बोलत होते. "बीच का? ए का नाही? ज्यानं लिहिला त्याला वाटलं, बी म्हणजे दुय्यम. दुय्यम माल पाण्याला जाईल, पाण्याच्या लाइनीत कुणी मरत नाही, चोरी खपून जाईल. असा विचार अमृतराव करू शकतच नाहीत. बी वाफेला जातो हे त्यांना ठाऊक होतं, त्यांनीच तो वाफेला लावला. तो बघा, पाण्याला ए लावलेला आहे. चोरी लपवायची असती तर त्यांनी भंगारावर ए लिहून ते पाण्याला लावलं असतं; आणि खूनच करायचा असता तर एक खोटा पाइप पुरला असता, कोठीत एवढे कशाला भरले असते? लिहिणारा आणि लावायला सांगणारा एक माणूस असू शकत नाही."

अमीनसाहेबांनी मलप्पाकडे पाहिले. मलप्पा दोन पावले मागे सरला.

"तोही नव्हे," मामा म्हणाले. "फिटर पाइपावर अंगाने लिहितो, लांबट, मापाजवळ. हे अक्षर डोक्यावर आहे, गाठीवर घालतात तसं. आणि रंग पाहा, गाठींवरचीच काळी शाई आहे, काजळी आणि तेल. हे रुईच्या माणसाचं काम आहे. शेटजी, हा माल सिकंदराबादहून लातूरपर्यंत कुणाच्या ताब्यात होता?"

शेटजी मागे वळले नाहीत.

मग मामांनी एकेक सांगितले; मलप्पाने पूजेच्या सकाळी कुणाला काय म्हटले, नारळ फोडणारा माणूस फाटकाबाहेर का उभा होता, आणि लाखेखालचा पाइप पातळ आहे हे कुणाच्या तोंडून निघाले. मामांच्या तर्काप्रमाणे रस्त्यात काही अस्सल 'अव्वल' ए पाइप विकले गेले होते आणि त्यांच्या जागी भंगार भरले होते. चोराने आपल्या समजुतीने चांगला माल चोरला होता, तोही चुकीचा.

बसवंतअण्णा हसले. "वकीलसाहेब, गोष्ट चांगली रचली," ते म्हणाले. "मला तर कुठल्या पाइपाचं काही कळत नाही."

तेव्हा धोंडप्पा शेटजी पहिल्यांदा बोलले, तेही मान न वळवता. "बसवंता, त्या शेडात जाऊन उभा राहा. लाइनीखाली."

"काका..."

"बॉयलर थंड हाय. विस्तव न्हाई, वाफ न्हाई. जा."

बसवंतअण्णा निघाले. शेडच्या कडेपर्यंत ताठ चालत गेले. तिथे सावली सुरू होत होती. त्यांनी वर पाहिले. थंड, मुकी लाइन, जिच्यातून वाफेचा कणही जात नव्हता. त्यांचा एक पाय सावलीत पडला आणि मागे आला. पुन्हा पडला, पुन्हा मागे आला. आम्ही सगळे बघत होतो. पांढरा कोट पाठीवर ओला होत गेला. मग ते जागच्या जागी खाली बसले.

मला आठवते, त्या क्षणी मला सुटल्याचा आनंद झाला नाही. मीच त्या लाइनीखाली उभी असल्यासारखी माझी मान आत गेली होती.

८

मलप्पाने त्याच दिवशी लाइन उतरवली. आणखी दोन तपकिरी पट्ट्याचे पाइप निघाले. दोन्ही शेडमधले, जिथे बायका ओळीने बसत त्या जागेवरचे.

ह्यांच्या बेड्या अमीनसाहेबांनी तिथेच काढायला लावल्या. मनगटे सुजली होती. हे मामांच्या पाया पडायला वाकले तर मामांनी त्यांना धरले आणि म्हणाले की पाया नंतर पडा, आधी मला ह्या अंगणातून बाहेर न्या, माझे पाय चालत नाहीत. ह्यांनी त्या जिनात पुन्हा नोकरी केली नाही. पुढे आम्ही नांदेडला गेलो, तिथेच आमचे आयुष्य झाले.

पण त्या दिवसाचे एक सांगायचे राहिले.

अमीनसाहेबांनी बसवंतअण्णांना उठवले आणि विचारले की चोरी समजली, पण पूजेच्या सकाळी मलप्पाने सांगितल्यावर तर तुला कळले होते की ते पाइप वाफेत गेले आहेत. पूजा चालू होती. वाफ धरायला वेळ होता. एक शब्द बोलला असतास तर माणूस वाचला असता. का नाही बोललास?

बसवंतअण्णा जमिनीकडे पाहत होते.

"कसं बोलायचं?" ते म्हणाले. "काका हार घालून बसले होते. सगळा गाव पुढं होता. एवढ्या लोकांत कसं सांगायचं?"

गुणाबाई भिंतीपासून उठून कधी पुढे आली होती ते कुणाला कळले नाही. तिने पदर मागे सारला. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरेच समजून घ्यायचे होते असे वाटले.

"गावाला कशाला सांगायचं, अण्णा," ती म्हणाली. "ह्यांच्या कानात सांगायचं. कॉक उघडू नको म्हनायचं. ह्यांनी कारनसुद्धा विचारलं नसतं."